बेक्कीचा गुराखी, शहरातल्या पोरांचा बाप

डॉन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला काळा चष्मेवाला गुंड उभा राहतो. इटलीत मात्र डॉन हा शब्द ख्रिस्ती धर्मगुरूच्या नावाआधी आदराने लावतात. आपण नाही का कीर्तनकाराला महाराज म्हणत, तसंच. आज ज्या डॉनची गोष्ट सांगायची आहे तो कोरडवाहू टेकडीवरच्या विधवेचा पोरगा. लहानपणी गुरं राखली, दुसऱ्याच्या शेतावर सालगडी म्हणून राबला, आणि पुढे शहरात भटकणाऱ्या हजारो पोरांना त्याने शाळा दिली, हातात कसब दिलं आणि दुसऱ्यासाठी धावून जायची सवय लावली. त्याचं नाव जोव्हान्नी बॉस्को. जग त्याला डॉन बॉस्को म्हणून ओळखतं. मुंबईत माटुंग्याला त्याच्या नावाची मोठी शाळा आहे, तुमच्यापैकी काहींनी ती जाता-येता पाहिलीही असेल.

उत्तर इटलीत पिडमाँट नावाचा प्रांत आहे. तिथे कास्तेलनुओव्हो गावाजवळ बेक्की ही पाच-दहा घरांची वाडी. सगळा भाग टेकड्यांचा, उतारावर द्राक्षमळे, मधल्या पट्ट्यात गहू आणि मका. १६ ऑगस्ट १८१५ ला तिथे जोव्हान्नीचा जन्म झाला. बाप फ्रान्चेस्को दुसऱ्याच्या शेतावर कामाला होता आणि पै-पै साठवून त्याने नुकतंच एक लहानसं घर-गोठा विकत घेतलं होतं. मे १८१७ मध्ये घामाने निथळत तो थंडगार तळघरात शिरला, ताप भरला, न्यूमोनिया झाला आणि चार-पाच दिवसांत गेला. वय तिशीच्या थोडं पुढे. मागे राहिली बायको मार्गेरिता, आजारी सासू, आधीच्या बायकोचा मुलगा आन्तोनियो, चार वर्षांचा जुझेप्पे आणि दोन वर्षंही पुरी न झालेला जोव्हान्नी.

साल कसलं होतं ते पाहा. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच पडला नाही. पिकं बसली. त्यात पिडमाँटला दुष्काळ आणि धुक्या-हिमाचा मार. पैसे देऊनही धान्य मिळेना. बाजारातून रिकाम्या हाताने माणूस परत आला, तेव्हा मार्गेरिताने गोठ्यातलं वासरू कापायला लावलं आणि घरातली माणसं जगवली. शेतकऱ्याच्या घरात वासरू जाणं म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिला पुन्हा लग्नाची मागणी आली होती, मुलांसाठी पालक नेमायचीही तयारी होती. तिने नाही म्हटलं.

ही बाई निरक्षर होती. पण पोरांना देवाधर्माचं पहिलं शिक्षण तिनेच दिलं. रात्रीचं आकाश दाखवून ते कुणी केलं हे सांगायची, पीक चांगलं आलं की आभार मानायला लावायची, गारपिटीने मळा झोडपला तरी देवाने दिलं त्यानेच नेलं म्हणायची. आणि दारात भिकारी आला, वाट चुकलेला माणूस आला, तर आपल्या भांड्यातलं त्याला वाढायची. पुढे तिच्या लेकाने जी शाळा उभी केली, तिची पहिली बालवाडी या चुलीपुढे भरली होती असं माझं मत आहे.

नऊ वर्षांचा असताना जोव्हान्नीला स्वप्न पडलं. अंगणात शिव्या देत मारामारी करणारी पोरं, तो ठोसे मारून त्यांना गप्प करायला धावतो, तर एक तेजस्वी पुरुष सांगतो की माराने नाही, प्रेमाने जिंक. मग पोरांच्या जागी रानटी जनावरं दिसतात आणि त्यांची कोकरं होतात. सकाळी त्याने घरात हे सांगितलं. जुझेप्पे म्हणाला तू मेंढपाळ होणार, आई म्हणाली कदाचित धर्मगुरू होशील, आन्तोनियोने दरोडेखोरांचा नाईक होशील म्हणून टोमणा मारला, आणि आजीने स्वप्नावर विश्वास ठेवू नये असा निकाल दिला. बॉस्को स्वतः पुढे म्हणायचा की त्याला आजीचंच पटलं होतं, पण स्वप्न काही डोक्यातून गेलं नाही.

जत्रेत डोंबारी यायचे. हा पोरगा पुढे बसून त्यांच्या हातापायाच्या हालचाली टिपायचा आणि घरी पडून-झडून शिकायचा. मग रविवारी दोन झाडांना दोर बांधून त्यावर चालून दाखवायचा, कोलांट्या, हातचलाखी सगळं. तिकीट एकच. आधी सगळ्यांनी जपमाळ म्हणायची आणि सकाळी चर्चमध्ये झालेलं प्रवचन त्याच्या तोंडून ऐकायचं. नको असेल त्याने जावं, पण मग खेळही नाही. गावोगाव सभेला माणसं जमवताना ज्यांची दमछाक होते त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

घरात मात्र भांडण पेटलं होतं. जोव्हान्नीला शिकायचं होतं, आन्तोनियोला शेतात हात हवा होता. आपण पुस्तकाशिवाय एवढे वाढलो असं आन्तोनियोने म्हटल्यावर धाकट्याने सुनावलं की गाढवही पुस्तकाशिवायच एवढं वाढतं. मग मार बसला. चरित्रं लिहिणारे आन्तोनियोला खलनायक करतात. मला तसं वाटत नाही. दिवसभर कुदळ चालवणाऱ्या माणसाला, घरातला एक हात पुस्तकात गुंतला तर राग येणारच. आपल्याकडेही थोरल्या भावाच्या कष्टावर धाकटा शिकला आणि थोरला तसाच राहिला, अशी घरं कमी नाहीत. शेवटी फेब्रुवारी १८२८ मध्ये आईने काळजावर दगड ठेवून बारा वर्षांच्या पोराला बोचकं देऊन घराबाहेर काढलं, काम शोध म्हणून. मोल्या नावाच्या शेतकरी कुटुंबात तो पावणेदोन वर्षं गोठ्याचं आणि शेताचं काम करत राहिला.

पुढचं थोडक्यात सांगतो. एका म्हाताऱ्या धर्मगुरूने त्याला लॅटिन शिकवायला सुरुवात केली, पण वर्षभरातच तो गेला. मरताना त्याने पैशांच्या पेटीची किल्ली जोव्हान्नीच्या हातात दिली होती, आणि जोव्हान्नीने ती वारसदारांना देऊन टाकली. आन्तोनियोशी वाटणी झाली. कास्तेलनुओव्होला असताना तो शिंप्याकडे राहिला आणि सुईदोरा शिकला, लोहाराच्या भात्यावरही बसला. १८३१ पासून किएरी गावात शाळा. फी आणि जेवणासाठी तिथे कॉफीच्या दुकानात पडेल ते काम केलं, मिठाई बनवायला शिकला. शाळेतल्या मित्रांची त्याने आनंद मंडळ अशा अर्थाच्या नावाची टोळी केली. नियम दोनच: ख्रिस्ती माणसाला न शोभणारं काही करायचं नाही, आणि अभ्यास व धर्मकर्तव्य चोख करायचं. शिवाय तोंड पाडून बसायचं नाही. ५ जून १८४१ ला ट्युरिन शहरात त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

खरी गोष्ट इथे सुरू होते. ट्युरिन तेव्हा झपाट्याने वाढत होतं. इमारती उठत होत्या, कारखाने सुरू होत होते. डोंगराकडच्या खेड्यांतून पोरं टोळ्या-टोळ्यांनी येत: गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायला, धुराडी साफ करायला, रस्त्यावर पॉलिश करायला. आठ वर्षांपासूनची पोरं. कुणाचे आईबाप दूर, कुणाचे नाहीतच. सुटीच्या दिवशी जायला जागा नाही. बॉस्कोला त्याच्या गुरूने, जुझेप्पे काफास्सोने, तुरुंगात नेलं. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट पोरं उवा-पिसवांत, भाकरीला मोताद झालेली त्याने पाहिली. सुटून गेलेली काही पोरं थोड्याच दिवसांत पुन्हा आत आलेली दिसली. बाहेर त्यांना विचारणारं एकही माणूस नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं.

८ डिसेंबर १८४१ ला चर्चमागच्या खोलीत एक पोरगा थंडीमुळे आत आलेला. देखरेख करणाऱ्याने त्याला पूजेला मदत कर म्हटलं, त्याला येईना, म्हणून झाडणीच्या दांड्याने बडवून हाकललं. बॉस्कोने त्याला परत बोलावलं, हा माझा मित्र आहे म्हणून सांगितलं. पोरगा सोळा वर्षांचा, गवंडीकामावरचा, आईबाप नसलेला. वाचता येतं का, नाही. लिहिता, नाही. गाता, नाही. मग शीळ वाजवता येते का, असं विचारल्यावर पोरगा हसला. तिथून धडा सुरू झाला, एका लहानशा प्रार्थनेने. पुढच्या रविवारी तो आणखी पोरं घेऊन आला. मंडळी, एवढ्यावरच सगळं उभं आहे. शिकवणाऱ्याने आधी पोराला काय येत नाही ते मोजलं, पण थांबला तो काय येतं ते सापडेपर्यंत.

पोरं शेकड्यांत गेली आणि जागेचा प्रश्न आला. जिथे जावं तिथून हकालपट्टी. पिठाच्या गिरण्यांजवळ गेले, गिरणीवाल्यांनी तक्रार केली. एका घरात खोल्या घेतल्या, शेजारी ओरडले. मग फिलिप्पी बंधूंचं गवताचं कुरण भाड्याने घेतलं. तीनशे-चारशे पोरं तिथे उड्या मारणार म्हटल्यावर गवत मुळासकट मरायला लागलं आणि मालकांनी नोटीस दिली. मी शेतीखात्याचा माणूस, या बाबतीत माझी सहानुभूती फिलिप्पींना आहे. दरम्यान बॉस्को पुढे मोठमोठ्या शाळा आणि मैदानांची स्वप्नं बोलून दाखवायचा, म्हणून त्याला वेड लागलं अशी बोलवा झाली. दोन धर्मगुरू बंद गाडी घेऊन त्याला वेड्यांच्या इस्पितळात न्यायला आले. याने त्यांना मानाने आधी आत बसवलं, दार लावलं आणि गाडीवानाला गाडी हाक म्हणून सांगितलं.

अखेर एप्रिल १८४६ मध्ये शहराच्या कडेला वाल्डोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक ठेंगणी शेड वर्षाला ३०० लिरा भाड्याने मिळाली. छप्पर इतकं खाली की आतली जमीन दीड-एक फूट खणून काढावी लागली. १२ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, पोरं तिथे जमली. जुलैत बॉस्को कामाच्या ताणाने कोसळला, न्यूमोनिया झाला, डॉक्टरांनी आशा सोडली. गवंडीकाम करणाऱ्या पोरांनी तापत्या उन्हात विटा वाहताना त्याच्यासाठी उपास धरले. तो वाचला आणि विश्रांतीला बेक्कीला गेला.

परत येताना त्याने आईला बरोबर चल म्हटलं. मार्गेरिता अठ्ठावन्न वर्षांची, नातवंडांत रमलेली. ती निघाली. ३ नोव्हेंबर १८४६ ला मायलेक टोपली घेऊन ट्युरिनपर्यंत पायी आले. पोरं तिला मामा मार्गेरिता म्हणत. तिकडे मामा म्हणजे आई, आपल्यासारखं नाही. तिने लग्नातले कपडे आणि दागिना या कामापायी विकला. मे १८४७ मध्ये पावसात भिजलेला एक डोंगराकडचा पोरगा रात्री दारात आला. आधी आसरा दिलेली पोरं पांघरुणं घेऊन पळाली होती, तरीही तिने स्वयंपाकघरात विटांवर फळ्या टाकून त्याला अंथरूण केलं, आणि झोपण्याआधी काम, प्रामाणिकपणा आणि देव यांबद्दल चार शब्द सांगितले. त्या रात्रीपासून बॉस्कोच्या प्रत्येक वसतिगृहात निजण्यापूर्वी दोन-तीन मिनिटं बोलायची प्रथा पडली, ती आजही आहे. लांब भाषण नाही. दिवसभरात घडलेली एखादी गोष्ट घ्यायची, तिच्यावर बोलायचं आणि शुभरात्र.

मार्गेरिताने मागच्या अंगणात भाजीपाला लावला होता. एकदा पोरं लढाईचा खेळ खेळताना सैन्य त्या वाफ्यांतूनच गेलं. कोबी नाही, कांदा नाही, सगळं भुईसपाट. तिचा धीर सुटला, गावी जाते म्हणाली. लेकाने काही न बोलता भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट केलं. ती परत चुलीकडे वळली, आणि २५ नोव्हेंबर १८५६ ला मरेपर्यंत तिथेच राहिली.

आता त्या जागी नेमकं काय शिकवत होते ते पाहू. सकाळी प्रार्थना आणि मिस्सा. मग पोरं शहरात कामाला. संध्याकाळी रात्रशाळा, गाणं, हिशेब. रविवारी धर्मशिक्षण आणि दिवसभर खेळ. पाप कबूल करायला बॉस्को स्वतः बसायचा, पण जबरदस्ती नसे, आणि तोच माणूस तासाभराने अंगरखा वर खोचून पोरांबरोबर धावायचा. हिशेबाचं म्हणाल तर पिडमाँटमध्ये १ जानेवारी १८५० पासून मेट्रिक मापं सक्तीची होणार होती. जुनी मापं मोडणार आणि अडाणी माणूस बाजारात नाडला जाणार, हे ओळखून त्याने १८४९ मध्येच कारागीर आणि शेतकऱ्यांसाठी सोप्या भाषेत दशमान पद्धतीचं पुस्तक काढलं. आपल्याकडे १९५८ पासून शेर-मण जाऊन किलो आले तेव्हा बाजारात काय गोंधळ झाला होता ते जुन्या माणसांकडून ऐकलं असेल.

१८५० मध्ये त्याने पोरांचीच परस्पर सहाय्य मंडळी काढली. दर रविवारी प्रत्येकाने एक सोल्दो, म्हणजे अगदी लहान नाणं, जमा करायचं. सहा महिने नियमित भरल्यावर हक्क सुरू. आजारी पडला किंवा काम गेलं तर रोज पन्नास सेंट मदत, बरा होईपर्यंत. बचत गटाच्या ताई-दादांनी या नियमांकडे नीट बघावं. आधी शिस्तीने भर, मग घे. उपदेश करून पोरगा दुसऱ्याचा विचार करायला लागत नाही. आपल्या नाण्यातून शेजारच्याचं औषध आलेलं त्याने बघावं लागतं.

कामावर मालक पोरांना बडवत, घरची धुणीभांडी करायला लावत, सुट्टी देत नसत. बॉस्कोने १८५१ च्या सुमारास मालकांशी चक्क स्टँप पेपरवर करार करायला सुरुवात केली. फेब्रुवारी १८५२ चा सुतारकामाचा एक करार प्रसिद्ध आहे. मालकाने पोराला धंदा पुरता शिकवायचा. चुकला तर तोंडाने सांगायचं, हात उचलायचा नाही. धंद्याबाहेरची कामं लावायची नाहीत. सणाला आणि रविवारी मोकळं सोडायचं. मजुरी ठरल्या टप्प्याने वाढवायची. उलट पोराने आज्ञेत राहायचं, नीट काम करायचं, आणि नुकसान केलं तर बापाने भरून द्यायचं. दोन्ही बाजू बांधलेल्या. तरीही बाहेर पोरं बिघडतात हे दिसल्यावर १८५३ पासून त्याने आवारातच कारखाने काढले. आधी चांभारकाम आणि शिवणकाम, मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, पुढे छापखाना आणि लोहारकाम. चांभारकामाच्या तिवईवर पहिल्यांदा तो स्वतः बसला. किएरीतले आणि कास्तेलनुओव्होचे दिवस असे उपयोगी आले.

या सगळ्या शिकवणीची परीक्षा १८५४ च्या उन्हाळ्यात झाली. ट्युरिनमध्ये कॉलरा आला. वाल्डोक्कोच्या आसपासच्या गरीब वस्तीत माणसं पटापट मरायला लागली. घरची माणसं आजाऱ्याला टाकून पळत होती. नगरपालिकेला पैसे देऊनही सेवेकरी मिळेनात. ५ ऑगस्टला बॉस्कोने पोरांना जमवून परिस्थिती सांगितली आणि कोण येतं ते विचारलं. आधी चौदा पोरं पुढे आली, मग आणखी तीसेक, मिळून चव्वेचाळीस. तीन गट केले. मोठी पोरं इस्पितळात आणि घरोघरी. दुसरा गट गल्लीबोळांत फिरून टाकून दिलेले आजारी शोधणारा. तिसरा गट हाकेला तयार. प्रत्येकाकडे व्हिनेगरची बाटली, आणि आजाऱ्याला शिवल्यावर तिने हात धुवायचे ही सक्त ताकीद. खाण्यापिण्यात संयम पाळायचा आणि मन स्वच्छ ठेवायचं, मग कुणाला काही होणार नाही, असा त्याने शब्द दिला होता. आजाऱ्यांना घालायला कापड कमी पडलं तेव्हा मार्गेरिताने चादरी, टॉवेल, शेवटी वेदीवरची वस्त्रंसुद्धा दिली.

कॉलरा पाण्यातून पसरतो हे त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो नावाचा डॉक्टर एका सार्वजनिक पंपावरून दाखवून देत होता, पण ट्युरिनला ते ठाऊक नव्हतं. कॉलऱ्याचा जंतू आंबटात तग धरत नाही, हेही पुढे कळलं. साथ ओसरली तेव्हा चव्वेचाळीसपैकी एकालाही कॉलरा झाला नव्हता. बॉस्को आणि पोरांनी ही देवाची कृपा मानली. हात धुण्याचा वाटा किती आणि प्रार्थनेचा किती, हा हिशेब मी करत बसत नाही. ती पोरं आत गेली, तेव्हा त्यांच्यापाशी या दोनच गोष्टी होत्या, आणि शहरातली शहाणी माणसं पळत होती. साथीनंतर पोरकी झालेली काही मुलं वाल्डोक्कोतच राहायला आली.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस दोमेनिको साव्हियो नावाचा बारा वर्षांचा मुलगा शाळेत दाखल झाला. बाप लोहार, आई शिवणकाम करणारी. याला संत व्हायचं होतं, आणि पोरवयाच्या उत्साहात त्याने भलतेच हाल सुरू केले. हिवाळ्यात पातळ पांघरूण घ्यायचं, अंथरुणात खडे टाकायचे. बॉस्कोला कळताच त्याने हे सगळं बंद करायला लावलं. आनंदी राहा, अभ्यास आणि प्रार्थना नीट कर, सोबत्यांना मदत कर, एवढंच पुरे म्हणून सांगितलं. आध्यात्मिक शिक्षण म्हणजे पोराला उपाशी ठेवणं किंवा घाबरवणं असं मानणाऱ्या मंडळींनी, ती कुठल्याही धर्माची असोत, ही गोष्ट विसरू नये. दोमेनिकोने मग ८ जून १८५६ ला सोबत्यांचं एक मंडळ काढलं. प्रत्येक सभासदाने एकेक अवघड पोरगा, म्हणजे नवीन आलेला, रडका, भांडखोर किंवा अभ्यासात मागे पडलेला, आपल्या जबाबदारीवर घ्यायचा. मास्तरांनी लावलेलं काम नव्हे, पोरांनी पोरांसाठी काढलेलं. ९ मार्च १८५७ ला, पंधरा वर्षंही पूर्ण होण्याआधी, दोमेनिको वारला. त्या काळच्या डॉक्टरांनी आजारात त्याचं पुन्हा पुन्हा रक्त काढलं होतं.

बॉस्कोच्या शिकवण्याच्या पद्धतीला प्रतिबंधक पद्धत म्हणतात, आणि १८७७ मध्ये त्याने ती थोडक्यात लिहूनही काढली. आपण पिकावर रोग येण्याआधी बीजप्रक्रिया करतो ना, तसा हा प्रकार. चूक झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा मोठ्या माणसाने आधीपासून पोरांत असावं. तीन आधार: समजेल असं कारण, धर्म आणि माया. नुसती माया असून भागत नाही, ती पोराला दिसली पाहिजे असा त्याचा आग्रह. हे टिकवणं सोपं नव्हतं. १८८४ मध्ये रोमहून त्याने वाल्डोक्कोला मोठं दुःखी पत्र पाठवलं. शाळा वाढली, नियम वाढले, आणि मास्तर मैदानातून उठून खोलीत जाऊन बसले, पोरं मनातलं बोलेनाशी झाली, असं त्यात होतं. स्वतःच्या हयातीत स्वतःच्या शाळेचा दोष उघड लिहिणारे संस्थाचालक किती निघतील?

तो सगळ्यांशी गोड होता असं मात्र नाही. प्रोटेस्टंट पंथाच्या वाल्डेन्सियन लोकांवर त्याने जहाल लिहिलं, वरिष्ठ आर्चबिशपशी त्याचं वर्षानुवर्षं पटलं नाही. त्याच्या नावावर चमत्कारांच्या गोष्टीही पुष्कळ आहेत, त्या मी इथे घेतलेल्या नाहीत.

१८५९ मध्ये त्याने आपल्याच हाताखाली वाढलेल्या तरुणांची सलेशियन संस्था उभी केली. मुलींचं काम मारिया माझ्झारेल्लोने सांभाळलं, आणि तिची हकीकत तुम्हाला जवळची वाटेल. मोर्नेझे गावची ही शेतकऱ्याची मुलगी द्राक्षमळ्यात गड्याच्या बरोबरीने राबायची. १८६० मध्ये टायफॉइडच्या साथीत आजारी नातलगांची सेवा करताना तिलाही तो झाला. वाचली, पण शेतातली ताकद गेली. मग ती शिवण शिकली आणि गावातल्या मुलींना शिवणाबरोबर धर्मशिक्षण देऊ लागली. १८७२ मध्ये तिच्याबरोबर बॉस्कोने भगिनींची संस्था काढली. १८७५ मध्ये पहिली तुकडी अर्जेंटिनाला गेली. तिचा प्रमुख कालियेरो वाल्डोक्कोतच वाढलेला पोरगा होता. १८७८ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये नाव्हार इथे अनाथ मुलांची शेतीशाळा त्यांनी चालवायला घेतली.

३१ जानेवारी १८८८ ला पहाटे बॉस्को वारला, वय बहात्तर. १९३४ मध्ये त्याला संत जाहीर केलं, १९५४ मध्ये दोमेनिकोला. त्याची माणसं १९०६ मध्ये भारतात पहिल्यांदा तंजावरला आली. आपल्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर, त्यांचं बॉस्को ग्रामीण विकास केंद्र पाणलोट आणि दुष्काळी गावांच्या कामात राहिलेलं आहे. १८५२ चा तो सुतारकामाचा करार जपून ठेवलेला आहे. त्यावर सुताराची, पोराची, पोराच्या बापाची आणि मधल्या माणसाची, म्हणजे बॉस्कोची, अशा चौघांच्या सह्या आहेत.